काका, हसा

दिवाळे,
९ नोव्हेंबर १९८६

चि. कमळाकर यास,

तुला एक आजी आहे. दिवाळ्याला असते, खाडीच्या अंगाचं घर, नाव बायजाबाई. म्हटलं आठवण करून द्यावी. अमेरिकेत थंडीने आधी डोकं गारठतं असं ऐकलंय. तुझं शेवटचं पत्र गणपतीत आलं. गणपती गेले, दिवाळी गेली, करंज्या खाऊन संपल्या, तुझा पत्ता नाही. आशीर्वाद आहेत, पण ते राखून ठेवलेत. आधी उत्तर पाठव, मग मिळतील.

पत्र कोण लिहितंय ते अक्षरावरून कळलंच असेल. तुझा बापूस. सगुणाला लिहिता येतं, पण कमळाकरचं पत्र म्हटलं की हा हात धुऊन पाटावर बसतो, तुझ्या बहिणीच्या हाती पेन देत नाही. मी दहा शब्द बोलते, हा सहा लिहितो, तेही धुऊन पुसून, मास्तराला दाखवायचे असल्यासारखे. माझ्या शिव्या तर सगळ्या गिळतो.

आपली खाचरं नव्या शहरात गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, तळोज्याला भट्टीवर. जागा तुझ्या नावाची होती. तू म्हणालास मला शिकायचंय. मग ह्याने चाळिशीत डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि तुझ्याशी बोलणं टाकलं. ते आजतागायत. पण माझी पत्रं तोच लिहितो आणि तुझी तोच वाचून दाखवतो. म्हणजे तुम्ही बोलत नाही असं फक्त तुम्हा दोघांनाच वाटतं.

(हे लिहायला त्याने वेळ लावला. पण लिहिलं. मिशीत हसतोय.)

सगुणाचं जमलं. करंजाड्याच्या सितारामचा मुलगा सदू. लग्न फेब्रुवारीत. तुला यायला जमणार नाही हे ठाऊक आहे, ते परत लिहून कागद फुकट घालवू नको. त्यापेक्षा तू तिथे करतोस काय ते सांग. पोपट होडीवाला विचारतो, मी सांगते मोठं काम करतो. तो विचारतो कसलं, तेव्हा मी मासळीची पाटी उचलून बाजाराला जाते.

तुझी आजी


रॉचेस्टर,
१४ डिसेंबर १९८६

ती. आजीस,

मला एक आजी आहे हे वाचून बरं वाटलं. माफ कर. आता आशीर्वाद सोड.

पोपटकाकांना असं सांग. इथे माणसांची तोंडं टेपवर घेतात. मी ती पडद्यावर थांबवतो आणि ओठांचे कोपरे, भुवया, डोळ्यांच्या कडा, सगळीकडे खुणा करतो. टेप थोडी पुढे नेतो, परत खुणा. कुठली खूण किती सरकली ते कॉम्प्युटर मोजतो आणि सांगतो, हा हसतोय, ही घाबरली, हा रागावलाय. म्हणजे सांगायला शिकतोय. अजून पुष्कळ चुकतो. रडणाऱ्याला शिंकणारा म्हणतो.

अडचण अशी की आमच्याकडची सगळी तोंडं कॉलेजच्या मुलांची. हसा म्हटलं की हसणारी. खरं हसणारी, खरं चिडणारी माणसं हवीत. तेव्हा मला दिवाळं आठवलं. सगुणाच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करून घ्या, हळदीपासून. माझा अहेर समजा. टेप मला पाठवा. मला लग्नही बघता येईल आणि कॉम्प्युटरला धडाही मिळेल.

मध्यंतरी ताप येऊन घसा सुजला होता. शेजारीण तान्ह्या मुलांचं खाणं घेऊन आली. इथे ते काचेच्या बरणीत विकत मिळतं, शिजवून गाळलेलं सफरचंद. चावायला लागत नाही, घशातून आपोआप उतरतं. बरणीवर हसऱ्या बाळाचं चित्र. मी रोज त्या बाळासमोर बसून जेवलो. तू पाहिलं असतंस तर हसून मेली असतीस.

लिहिणारा मिशीत हसतोय, असं तू लिहिलंस. ते मी किती वेळा वाचलं सांगत नाही. दर पत्रात तेवढं कळवत जा.

कमळाकर


दिवाळे,
८ मार्च १९८७

चि. कमळाकर यास,

लग्न झालं. टेप पार्सलने पाठवली आहे, वर सगुणाने "काच आहे" असं लिहिलंय. काच नाही, पण त्याशिवाय पोस्टातले लोक पार्सल हळू ठेवत नाहीत.

शूटिंगवाला बेलापूरचा. त्याच्या दिव्याने मांडवातला काळोख पळाला आणि बायकांची लाजही. ज्या आयुष्यात कधी नाचल्या नाहीत त्या दिव्यासमोर येऊन नाचल्या. दुर्गाबाई धवलारीण तर लग्नाचा धवला गाता गाता अर्ध्यावर सोडून विचारते, माझा आवाज पण येतो का रे त्यात.

घोटाळा एकच झाला. तुझा बापूस. हळदीच्या रात्री मुलीचा बाप म्हणून त्याला मधोमध खुर्चीवर बसवला. बेंजो वाजतोय, पोरं नाचतायत, आणि हा बसलाय देवळातल्या दगडासारखा. करंजाड्याचे लोक बघत राहिले. त्यांना वाटलं मानपानात काही चुकलं, मुलीच्या बापाचा रुसवा झाला. नवऱ्यामुलाचा रुसवा काढतात हे मी जन्मभर बघितलं, मुलीच्या बापाचा कोणी काढलेला पहिल्यांदा बघितला. सिताराम व्याही स्वतः शाल, श्रीफळ घेऊन आले, खांद्यावर शाल घातली, म्हणाले, व्याही, आता तरी मोकळे व्हा. हा म्हणाला, मी मोकळाच आहे. तोंडावरची माशी हलली नाही. परत दुसरी शाल आणली.

शूटिंगवाला म्हणाला, काका, हसा. हा म्हणाला, हसतोय. सगळा मांडव हसला.

मी पनवेलच्या बाजारात पाटी लावून म्हातारी झाले. गिऱ्हाईकाचं तोंड बघून भाव सांगते. मला कळतं कोण फुगलाय ते. लग्न झाल्यावर ह्याला चांगला फैलावर घेतला. तुला हवं होतं म्हणून सांगते, लिहिणारा हसत नाही सध्या. तोंड फुगवून असतो. हेही लिही म्हटलं, तर लिहिलं.

आशीर्वाद सोडले आहेत.

तुझी आजी


रॉचेस्टर,
१७ मे १९८७

ती. आजीस,

टेप पोचली. तिकडची टेप इकडच्या यंत्रात चालत नाही, बदलून घेण्यात महिना गेला. मग सगळं बघितलं. सगुणा पाया पडताना रडली तिथे मी यंत्र बंद करून बाहेर फिरून आलो.

मग कामाला लागलो. एकेका माणसाचा चेहरा चौकटीत कापून घेतला, खुणा केल्या. आजी, तू कॉम्प्युटरला फार आवडलीस. तुझ्यावर तो एकदाही चुकला नाही. हसू, हसू, राग, परत हसू. दुर्गाबाईंना त्याने "आश्चर्य" म्हटलं, ते बरोबरच आहे.

बाबांचा चेहरा मी सर्वांत जास्त वेळ घेतला. मांडवात शिरताना, खुर्चीवर, शाल घेताना, सगुणाला निरोप देताना. सगळीकडे एकच उत्तर आलं. राग. एकदा "काही नाही" आलं आणि पुन्हा राग. माझ्या खुणा चुकल्या असतील म्हणून मी परत केल्या. उत्तर तेच. दहातले नऊ चेहरे तो आता बरोबर सांगतो.

हे पत्र तेच वाचून दाखवतायत हे मला माहीत आहे. म्हणून त्यांनाच लिहितो. बाबा, सगुणाच्या लग्नातसुद्धा तुमचा माझ्यावरचा राग उतरला नाही का? मी नव्हतो म्हणून? भट्टीची जागा घेतली नाही म्हणून? तसं असेल तर सरळ लिहा. अक्षर तर इतकं बारीक करत चाललाय की कागदसुद्धा माझ्यावर वाया घालवायचा नसेल असं वाटतं.

कमळाकर


दिवाळे,
२८ जून १९८७

चि. कमळाकर यास,

तुझं पत्र त्याने वाचून दाखवलं. शेवटपर्यंत, एका सुरात, मासळीचे भाव वाचावेत तसं. मी म्हटलं, अरे तुझ्याबद्दल आहे ते. म्हणाला, कळलं. घडी घातली आणि बसून राहिला.

मी विचारलं राग आहे का. नाही म्हणतो. मग तोंड असं का. काही नाही म्हणतो. तुझी मशीन आणि माझी नजर एकच सांगतात, हा एकटा वेगळं सांगतो. मी तरी कोणाचं ऐकू?

आज मी जास्त बोलत नाही. त्याला खाली स्वतःचं काही लिहायचंय म्हणतो, जागा ठेव म्हणाला.

तुझी आजी

मी रागावलेलो नाही. गोटीराम


रॉचेस्टर,
९ ऑगस्ट १९८७

ती. आजीस,

त्यांची ओळ मिळाली. भिंग लावून वाचली. सही धरून चार शब्द. सहा वर्षांनी लिहिलेले. आजी, राग नसलेला माणूस चार शब्द लिहितो का?

डिसेंबरात घरी येण्याचा विचार होता. प्राध्यापकांनी उन्हाळ्यातच रजा कबूल केली होती. ती मी आता परत केली. इथे काम पुष्कळ आहे. तू जप. सगुणाला आशीर्वाद.

कमळाकर


करंजाडे,
४ ऑक्टोबर १९८७

कमळाकर पोरा,

अक्षर बदललं म्हनून घाबरू नको, मी हाय अजून. हे सगुना लिवते. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, धुवू नको.

मी करंजाड्याला आले, नातीला सुकट द्यायला जाते असं घरी सांगून. सुकट आनली पन हाय, अगदीच खोटं नको. घरात लिवनारा एकच, आनि त्याच्याबद्दलचं त्याच्याच हातून कसं लिवून घेनार?

तुझा बापूस रागावलेला नाय. त्याचं तोंड मेलंय.

नीट ऐक. गाल, ओठ, भुवया, तू जे काय मोजतोस ते सगळं जागच्या जागी बसलंय. आत मानूस हाय तसाच हाय, फक्त दाराला आतून कडी बसली आनि ती निघत नाय. चालताना पाय जमिनीला चिकटतात. मागून कोनाचा धक्का लागला तर उभ्या काठीसारखा पडतो. श्रावनात होड्यांच्या धक्क्यावरून खाली पडला, ओहोटी होती, चिखलात रुतून राह्यला. पोपटने होडीतून बघितला. पोपट बोलला, हाक मारत होता पन तोंड असं होतं की वाटलं मजेत बसलाय.

गावचा डॉक्टर टेन्शन हाय बोलला, गोळ्या दिल्या. मग सदू मुंबईला घेऊन गेला. तिकडच्या मोठ्या डॉक्टरने पयलं विचारलं, काम काय करता. ह्याने सांगितलं, भट्टीत काळा दगड टाकतो, पोलादात घालायची धातू निघते तो. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. त्या दगडाची भुकटी हवेत असते, ती वर्सानुवर्स नाकातून डोक्यात जाऊन बसली. बसली ती बसली, निघत नाय. कारखान्यावाल्यांनी घरी बसवला, बोलतात दारूने झालं. आपल्या घरात हळदीला पन ह्याने कधी गिलास उचलला नाय, तुला ठावं हाय.

अक्षर बारीक झालं ते त्यानेच. मोठं लिवायला जातो, हात लहान करतो. तुझ्यासाठी ते चार शब्द लिवले ना, सकाळी पाटावर बसला तो जेवनाची वेळ टळली तेव्हा उठला. तू विचारतोस राग नसलेला मानूस चार शब्द लिवतो काय. लिवतो.

तुझी मशीन चुकली म्हनून तिला मी हसनार नाय. मी पन चुकले. सगुनाच्या लग्नानंतर मान घालवलास बोलले, मग आठवडाभर त्याच्याशी बोलले नाय. त्याने सगळं ऐकून घेतलं, त्याच तोंडाने. सितारामने दोन शाली घालून एका दुखन्याचा रुसवा काढला आनि आमी सगळे हसलो. तुझ्याकडे टेप हाय, बघ.

तुला कळवायचं नाय असं त्याने माझ्या गळ्याची शपथ घालून सांगितलंय. पोरगं शिकनं टाकून येईल, मग मी त्याची जागा घेतली कशाला, बोलतो. माझा गळा म्हातारा हाय, काय व्हायचं ते होऊ दे.

उत्तर सगुनाच्या पत्त्यावर पाठव.

आजी


रॉचेस्टर,
२५ ऑक्टोबर १९८७

ती. आजीस,

ती जागा माझी होती. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

मी पुन्हा टेप लावली. आजवर मी फक्त चेहरे बघितले होते. शिकवायला सोपं जावं म्हणून आम्ही चेहरा चौकटीत कापून घेतो, बाकीचं माणूस टाकून देतो. या वेळी काहीच कापलं नाही. सबंध मांडव, सबंध बाबा.

हळदीचा बेंजो चालू आहे. तू त्यांच्या डाव्या हाताला, तोंड त्यांच्याकडे, रागाने बघतेयस. ते खुर्चीत ताठ. चेहरा तोच. पण खाली, चपलेत, त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलतोय. बेंजोच्या ठेक्यावर. बेंजो जलद झाला की अंगठा जलद. निदान मला तसं दिसलं. मग माझ्या मनात आलं की ती थरथर असेल. या आजारात थरथर असते, मी इथल्या लायब्ररीत वाचलं. मला मोजता येईल. टेपच्या दर चित्राला खूण करून ठेका आणि अंगठा जुळवून बघता येईल. मी ते केलं नाही. माझा हात धजला नाही.

तू शेजारी होतीस. तो ताल होता की थरथर?

मला ताबडतोब निघायचं होतं. मी परत केलेली रजा दुसऱ्याला दिली आहे. मेमध्ये माझं काम तपासून होईल. त्याआधी गेलो तर हे लोक परत घेणार नाहीत, मग बाबांनी भट्टीत घालवलेली वर्षं कशासाठी, हे त्यांचंच वाक्य मला अडवतंय. मी भित्रा आहे असं तुला वाटलं तर तसं लिही.

सोबत बाबांसाठी वेगळा कागद आहे. मला आजार कळल्याचं त्यात काही नाही. एवढंच लिहिलंय की तुमची ओळ मिळाली, माझाही राग नाही, मेमध्ये येतो.

कमळाकर


दिवाळे,
१० जानेवारी १९८८

कमळाकर पोरा,

सगुना आता इथंच येऊन राह्यलीय, तीच लिवते. तुझा बापूस समोर बसलाय, ऐकतोय. त्याला कळलं तुला सांगितलं ते. तुझ्या कागदात तू काय लिवलं नव्हतंस, पन लिवलं नाय म्हनूनच कळलं असेल. माझ्याकडे बघितलं नुसतं. तो रागावला असेल तर आता मला कळायची सोय नाय, त्यामुळे मी निवांत हाय.

तुझा कागद त्याने वाचून दाखवला नाय. आवाज राह्यला नाय तेवढा. घडी करून खिशात ठेवला. सदरा धुवायला काढला की कागद काढून घेतो, नव्या सदऱ्यात ठेवतो. घडीवर फाटला, सगुनाने मागनं चिकटवून दिलाय.

तू विचारलंस ते. हळदीला मी शेजारी होते खरी, पन पायाकडे कोन बघतं? सगळ्यांसारखी तोंडाकडेच बघत होते. मना नाय माहीत. हो बोलून तुझं समाधान केलं असतं, पन तू मोजनारा मानूस, एक दिवस मोजशील.

म्हनून काय केलं, सदूला सांगितलं, तुझ्या लग्नातल्या बेंजोची क्यासेट आन. आता त्याचा अंगठा दिवसभर हलतो, बसला तरी हलतो. क्यासेट लावली. बेंजो सुरू झाला आनि अंगठा थांबला. आमी सगळे वाकून बघत होतो. गानं संपेपर्यंत थांबला. संपलं तसा परत हलायला लागला. सगुना रडली. ह्याचा अर्थ काय ते मना नाय कळत. तुझ्या मशीनला विचार, नायतर राहू दे. क्यासेट आमी रोज लावतो.

भित्रा बोलत नाय मी तुला. पन मे लांब हाय.

त्याला आता गिळवत नाय. पेज दिली तरी ठसका लागतो. बोंबलाचं कालवन कपड्यातून गाळून देते, त्यातलं पन अर्धं छातीवर. तू आजारी पडलास तेव्हा खाल्लंस ते पाठव, बरनीतलं, तान्ह्या पोरांचं, सफरचंदाचं. आंबट नको, घशाला झोंबतं. डब्यातलं नको, काचेतलंच पाठव, ते हसरं बाळ असतं ना वर, ते ह्याच्यासमोर ठेवनार हाय मी जेवताना. पार्सलवर काच हाय असं लिव, ह्या वेळी खरंच असेल. एकदोन पाठवून लाज राखू नको, मे महिन्यापर्यंत पुरतील एवढ्या पाठव. उरल्या तर वाया जानार नायत, मला पन दात नायत.

आजी